जुन्या मिलिटरी ट्रकच्या सुट्या भागांचं वजन कसं काढायचं? (आणि पाटीवरचं ७-१-१४ म्हणजे काय?)

मुलुंडचा भाचा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितो.

भांडुपला आमच्या मामाची पत्र्याची शेड आहे. मामा दोन वर्षांपूर्वी गेला. आता जागा रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि महिनाअखेर शेड रिकामी करून द्यायचीय. आत एक आख्खा ट्रक सुटा करून ठेवलाय. फोर्डचा, दुसऱ्या महायुद्धातला, कॅनडात बनलेला, चपट्या नाकाचा एफ-६०. युद्धानंतर लष्कराने गाड्या विकायला काढल्या तेव्हा आजोबांनी घेतला आणि खाणीवर चालवला. चासी आणि केबिन मामाच्या आधीच गेली. उरलंय ते असं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद दोन्ही अ‍ॅक्सलना वाटून देणारी पेटी), पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, स्प्रिंगच्या पाट्यांचे चार गठ्ठे, चार चाकं आणि दोन शाफ्ट.

हे सगळं वाड्याला मित्राच्या फार्मवर न्यायचंय. टेम्पोवाल्याचा पहिला प्रश्न, "वजन किती?" चेन ब्लॉक (जड माल उचलायची साखळीची कप्पी) भाड्याने देणाऱ्याचा तोच. भंगारवाला म्हणतो, "जेमतेम टनभर माल आहे, लॉटमध्ये द्या, पंचवीस हजार." माझ्याकडे उत्तर नाही. घरी एक बाथरूमचा काटा आहे, १८० किलोपर्यंतचा.

अजून एक. मागच्या अ‍ॅक्सलच्या मोडक्या खोक्याची एक फळी भिंतीला ठोकलेली सापडली. तिच्यावर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत: जी ७-१-१४, खाली एन ६-२-०. कोणाला काही उमगतंय का?

चौदा-पंधराचा पाना (सोमवार, रात्री ९:५२)

७ जानेवारी २०१४. मामांनी त्या दिवशी खोकं उघडलं असणार. पुढचा धागा?

मुलुंडचा भाचा (सोमवार, रात्री ९:५८)

त्या दिवशी मामा बायपास होऊन हॉस्पिटलात होता. शिवाय ६-२-० ही कुठली तारीख?

चौदा-पंधराचा पाना (सोमवार, रात्री १०:०१)

माघार. हलके घ्या.

कुर्लेकर (सोमवार, रात्री १०:२०)

आमचा तीन पिढ्यांचा धंदा कुर्ल्याला जुन्या स्पेअरचा, त्यामुळे आधी भंगारवाल्याबद्दल. "लॉटमध्ये द्या" म्हणाला की समजायचं, त्याने डोळ्यांनी तोलून झालंय आणि तुमचं व्हायचंय. आमचे वडील अ‍ॅक्सलला नुसता पाय लावून, थोडा हलवून वजन सांगायचे. पाच-दहा किलोच्या वर चुकायचे नाहीत. पण ते गिऱ्हाइकाला कधीच खरं सांगायचे नाहीत. :)

काट्याशिवाय काहीही देऊ नका.

सोपानराव (सोमवार, रात्री १०:३३)

अडीच टनी, तीन टनी अशा नावाने ओळखतात ना मिलिटरी ट्रक? मग पूर्ण गाडी तीन टन. त्यातून चासी-केबिन वजा करा, झालं. उगाच कशाला डोकेफोड.

निवृत्त ईएमईवाला (मंगळवार, सकाळी ६:१५)

सोपानराव, राग मानू नका, पण ही चूक सगळेच करतात. लष्करात गाडीला जो आकडा लावतात तो तिच्या स्वतःच्या वजनाचा नसतो, ती किती माल वाहील त्याचा असतो. तोसुद्धा कच्च्या रस्त्यावर, रान तुडवताना. आमच्याकडे ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, स्टॅलियन गाडी ५/७.५ टनी म्हणून यायची. रानात पाच, डांबरीवर साडेसात. अमेरिकन एम-३५ ला 'अडीच टनी' म्हणतात, ती रिकामीच सहा टनांच्या आसपास भरते. जबलपूरच्या शक्तिमानला आम्ही सरसकट 'थ्री टन' म्हणायचो. त्या तीन टनांवरून तिच्या गिअरबॉक्सचं वजन काढायला बसलात तर ज्योतिषाकडे गेलेलं बरं.

भाचेसाहेब, वजनाच्या आधी चाकांचं ऐका. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीच्या चाकांना रिम दोन तुकड्यांची असते, मधोमध नट-बोल्टांनी जोडलेली. ड्रमला चाक धरणारे नट वेगळे, आणि रिमचे दोन तुकडे धरणारे वेगळे. या दुसऱ्या नटांना बऱ्याचदा लाल रंग दिलेला असतो. टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. रंग उडाला असेल तर कुठले कुठले हे कळणार नाही, म्हणून व्हॉल्व्हची सुई काढल्याशिवाय एकाही नटाला पाना लावू नका. टायर बसलेला दिसतो म्हणून सोडू नका.

मुलुंडचा भाचा (मंगळवार, सकाळी ८:०५)

काका, धन्यवाद. आमच्या चाकांवर नटांच्या दोन रांगा आहेत खऱ्या. लाल वगैरे काही उरलेलं नाही, सगळं गंजाच्या रंगाचं. हात लावत नाही.

शहाणी सून (मंगळवार, दुपारी १:१०)

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, रोज हेच करते, फक्त अ‍ॅक्सलऐवजी बीम असतात.

सरळ आकाराच्या वस्तूंना काटा लागत नाही, टेप लागते. पोलादाची घनता ७.८५. सळईचं सूत्र साइटवरच्या प्रत्येक मुकादमाला पाठ असतं: मिलिमीटरमधला व्यास, त्याचा वर्ग, भागिले १६२, की मीटरला इतके किलो. पट्टीला रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५. तुमचे पाटे ७५ बाय १० चे असतील तर मीटरला ५.९ किलो. गठ्ठ्यात दहा पाटे, सर्वांत मोठा १.३ मीटर, सर्वांत छोटा ०.३, म्हणजे सरासरी ०.८ धरून एकूण आठ मीटर. ४७ किलो. शाफ्ट पोकळ असतो, त्याला बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करायची, जाडीने गुणायचं, मग ०.०२४६६ ने. ७६ चा पाइप, ४ ची जाडी, मीटरला ७.१ किलो. दोन्ही टोकांचे क्रॉस आणि योक (सांध्याचे तुकडे) मात्र वेगळे धरा, तेच जड असतात.

इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल यांना हे चालत नाही. त्यांना तोलावंच लागतं.

अर्धा इंच (मंगळवार, दुपारी २:३०)

अ‍ॅक्सलला बाथरूमचा काटा पुरेल की. एक टोक काट्यावर, दुसरं विटांवर. काट्यावर येईल त्याची दुप्पट. १८० चा काटा ३६० पर्यंत चालला.

शहाणी सून (मंगळवार, दुपारी २:४५)

दुप्पट नाही हो! दोन्ही बाजू सारख्या जड असतील तरच दुप्पट. आधी एक टोक काट्यावर, मग काटा उचलून दुसऱ्या टोकाखाली, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज. दोन्ही वेळा टेकू त्याच खुणेवर आणि अ‍ॅक्सल आडवा सपाट. काट्याखाली फरशी किंवा जाड प्लाय, माती नको.

अर्धा इंच (मंगळवार, दुपारी ३:०२)

अ‍ॅक्सल मधोमध गोळा असलेली समान वस्तू आहे. बेरीज करा नाहीतर दुप्पट करा, उत्तर तेच. उगाच बाऊ.

मुलुंडचा भाचा (मंगळवार, दुपारी ३:२०)

आमच्या अ‍ॅक्सलच्या डाव्या टोकाचा ड्रम सुटा पडलाय, उजवा जागेवर आहे.

अर्धा इंच (मंगळवार, दुपारी ३:२२)

हे आधी सांगायला काय झालं होतं?

चौदा-पंधराचा पाना (मंगळवार, दुपारी ३:२५)

हसून हसून पुरेवाट.

कुर्लेकर (मंगळवार, सायंकाळी ७:४०)

भाचेबुवा, आमच्याकडे टांगता डिजिटल काटा आहे, एक टनाचा. शनिवारी दुपारनंतर रिकामा असतो. घेऊन जा, चहाच्या मोबदल्यात. व्यक्तिगत निरोप केलाय.

वजनदार (मंगळवार, रात्री १०:१५)

भुईकाट्याचा माझा अनुभव. ठाण्याकडे एका काट्यावर मशिन तोलायला गेलो होतो. भरलेला टेम्पो आणि रिकामा टेम्पो यांची वजाबाकी करायची, सोपं काम. मशिन कागदोपत्री ३४० किलोचं, काट्यावर निघालं ४१०. अर्धा तास भांडलो. मग लक्षात आलं, भरलेल्या वेळी ड्रायव्हर आत बसला होता आणि रिकाम्या वेळी टपरीवर उभा होता. सत्तर किलोचा ड्रायव्हर मी मशिनमध्ये विकत घ्यायला निघालो होतो.

शिवाय हे काटे दहा-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात. चाळीस किलोचा पाटा त्यावर तोलणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर जिलबी. मोठा एकत्र माल असेल तरच जा. मधे डिझेल भरू नका, ६० लिटरची टाकी म्हणजे ५० किलो. आणि वैधमापनशास्त्र खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा.

सोपानराव (बुधवार, सकाळी ९:००)

टनाबद्दलचं माझं चुकलं, मान्य. पण पाटीचं मला कळलंय असं वाटतं. आमच्या वडिलांचं भुसारी दुकान होतं. ७-१-१४ म्हणजे ७ मण १ शेर १४ छटाक! मणाला चाळीस शेर, शेराला सोळा छटाक. मण ३७.३२ किलोचा. म्हणजे २६३ किलो. खालचं ६ मण २ शेर, २२६ किलो. वरचं खोक्यासकट, खालचं निव्वळ. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, वापर १९५८ पासून. त्याआधी आमच्या दुकानात मणच होते.

मुलुंडचा भाचा (बुधवार, सकाळी ९:१०)

वा! हे पटतंय. जी म्हणजे ग्रॉस, एन म्हणजे नेट.

शिवडीचे आजोबा (बुधवार, सकाळी ११:३०)

नातू टाइप करून देतो आहे. मी गोदीत छत्तीस वर्षे काढली.

सोपानरावांचे ग्रॉस-नेट बरोबर, मण चूक. खोके कॅनडातून आले, ते छटाकात कोण रंगवणार? हे हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड आहे. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, त्याचे चार क्वार्टर २८ पौंडांचे. जुन्या ब्रिटिश मालावर वजन असेच तीन आकड्यांत असायचे. ओळखायची खूण अशी की मधला आकडा ३ च्या वर कधी जात नाही आणि शेवटचा २७ च्या वर जात नाही.

७-१-१४ म्हणजे ८२६ पौंड. किलोत ३७५. खालचे ६-२-० म्हणजे ७२८ पौंड, ३३० किलो. मधले ४५ किलो लाकूड.

आणि तुमच्या गाडीच्या नावातच हे माप आहे. एफ-६० मधले ६० म्हणजे ६० हंड्रेडवेट. वीस हंड्रेडवेटचा ब्रिटिश टन, म्हणजे तीन टन. एफ-१५ म्हणजे १५ हंड्रेडवेटवाली छोटी. तो टनही आपला नव्हे, १०१६ किलोचा. अमेरिकन टन ९०७ किलोचा. पुस्तकात नुसते 'टन' वाचून हिशेब केला की माणूस फसतो.

शिवडीलाच १९२८ साली जनरल मोटर्सने मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, १९५४ पर्यंत चालला. आमच्या चाळीतले दोघे तिथे होते.

सोपानराव (बुधवार, दुपारी १२:०५)

आजोबा, आदर आहे, पण १४ आणि १ हे आकडे मण-शेरातही बसतात. लष्कराच्या डेपोत इथे पुन्हा रंगवलं नसेल कशावरून?

शिवडीचे आजोबा (बुधवार, दुपारी १२:४०)

बसतात खरे. मग तोलून बघा. २२६ आला तर तुमचा, ३३० आला तर माझा.

चौदा-पंधराचा पाना (बुधवार, दुपारी १२:४४)

पैज लावा. हरणाऱ्याने मामलेदारची मिसळ.

वजनदार (बुधवार, दुपारी १:३०)

तोलेपर्यंत एक अवांतर. मोकळ्या बिडाच्या कवचाला, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या रिकाम्या घराला, पाणी वापरता येतं. २०० लिटरचं पिंप घ्या, आतला व्यास साधारण ५७ सेंटिमीटर. पाणी एक सेंटिमीटर चढलं म्हणजे अडीच लिटर जागा अडली. बिडाची घनता ७.२, म्हणजे एका सेंटिमीटरला १८ किलोच्या थोडं वर. आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर अ‍ॅल्युमिनियम आहे आणि मग २.७ ने गुणायचं.

मुलुंडचा भाचा (शनिवार, रात्री ११:२०)

आज दिवसभर शेडमध्ये. पाठ गेलीय, पण लिहितोच.

मागचा अ‍ॅक्सल, शहाणीताईंच्या पद्धतीने. ड्रम नसलेलं टोक १३७, ड्रमवालं १७१. बेरीज ३०८. (अर्धा इंच यांची दुप्पट केली असती तर एका बाजूने २७४ आणि दुसरीकडून ३४२!) सुटा ड्रम कुर्लेकरांच्या काट्यावर २७. एकूण ३३५.

सोपानराव, मिसळ.

ट्रान्स्फर केसच्या रिकाम्या घरावर पिंपाचा प्रयोगही केला. पाणी ४ सेंटिमीटर चढलं, हिशेबाने ७३ किलो. टांगत्या काट्यावर मात्र ६१. अर्धा तास डोकं खाजवलं. मग शेजारच्या पोराने घर पाण्यातच उलटं केलं आणि बुडबुडे आले भसाभसा. आत हवा अडकली होती. पुन्हा मोजलं तर ३.४ सेंटिमीटर, ६२ किलो.

सोपानराव (शनिवार, रात्री ११:३५)

हरलो. ठाण्याला कधी येताय सांगा. आजोबांसाठी तिखट कमी सांगू.

अर्धा इंच (शनिवार, रात्री ११:५०)

पाटीवर ३३०, तुमचे ३३५. पाच किलो कुठून आले? काटा चुकतोय.

कुर्लेकर (रविवार, सकाळी ७:३०)

काटा आमचा आहे, चुकत नाही. पाच किलो म्हणजे ऐंशी वर्षांचं ग्रीस, माती आणि रंग. तासून बघा, घमेलंभर निघेल.

शहाणी सून (रविवार, सकाळी १०:१५)

छान. आता इंजिन उचलताना एक गोष्ट. चेन ब्लॉक एक टनाचा म्हणून निर्धास्त राहू नका, खालचे पट्टे बघा. दोन पट्टे जितके आडवे पसरतील तितका ताण वाढतो. आडव्या रेषेशी ३० अंशाचा कोन झाला की प्रत्येक पट्ट्यावर इंजिनाचं पूर्ण वजन येतं, अर्धं नाही. पट्टे लांब घ्या, कोन ६० च्या वर ठेवा. आणि फ्लायव्हीलची बाजू जड असते, हुक तिकडे सरकवा, नाहीतर उचलताक्षणी नाक वर करेल.

निवृत्त ईएमईवाला (रविवार, सकाळी १०:४०)

ताईंना कडक सॅल्यूट. आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरांना हे शिकवायला इंजिन आधी फक्त दोन इंच उचलायला लावायचे आणि तिथेच थांबवायचे. कुठे झुकतंय ते बघा, खाली ठेवा, हुक सरकवा, पुन्हा दोन इंच. कंटाळवाणं काम. पण पायाची बोटं दहाच्या दहा राहतात.

मुलुंडचा भाचा (पुढचा रविवार, रात्री ८:१५)

माल वाड्याला पोचला. ज्यांना पुढेमागे लागेल त्यांच्यासाठी आकडे देतो. मागचा अ‍ॅक्सल ड्रमसकट ३३५. पुढचा ३४८. इंजिन, डायनामो आणि स्टार्टर सोडून, २४६. गिअरबॉक्स ८८. ट्रान्स्फर केस घर आणि गिअर मिळून १०६. पाट्यांचे चार गठ्ठे १९४, शहाणीताईंच्या टेपेपेक्षा सहा किलो जास्त. शाफ्ट दोन मिळून ३४. चाकं प्रत्येकी ११२, चार मिळून ४४८. बेरीज १७९९.

छोटा हत्ती करणार होतो, बरं झालं नाही केला. ४०७ आणली. भुईकाट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा ड्रायव्हर आत, फरक १८२०. एकवीस किलो जास्त कसे म्हणून घाबरलो, तर चेन ब्लॉक आणि फळ्या गाडीतच राहिल्या होत्या.

भंगारवाल्याला सहज सांगितलं, माल टनभर नाही, पावणेदोनच्या वर आहे. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

कुर्लेकर (पुढचा रविवार, रात्री ८:३०)

बघा.

निवृत्त ईएमईवाला (पुढचा रविवार, रात्री ९:०५)

चाकांचं काय केलंत?

मुलुंडचा भाचा (पुढचा रविवार, रात्री ९:२०)

काका, तोलायच्या आधी चारही व्हॉल्व्हच्या सुया काढल्या. तीन टायर मेलेलेच होते, काही आवाज नाही. चौथ्यातून हवा आली. शेडमध्ये जुन्या रबराचा वास पसरला आणि बराच वेळ फुस्स चालू होतं. हमाल पोरगा तोपर्यंत पाना घेऊन त्याच चाकापाशी बसला होता.

निवृत्त ईएमईवाला (पुढचा रविवार, रात्री ९:२४)

कुठल्या नटावर?

मुलुंडचा भाचा (पुढचा रविवार, रात्री ९:२६)

रिम धरणाऱ्या.